तुमची नायिका राजीनामा का देतेय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणारी मैत्रीण रोमान्स कादंबऱ्यांची जुनी वाचक आहे. नोकरी सांभाळून ती आता स्वतःची पहिली कादंबरी लिहितेय. नायक सत्ताधारी पक्षाचा तरुण मंत्री. नायिका विरोधी बाकांवरची, पहिल्यांदाच निवडून आलेली आमदार. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोघं जवळ येतात, गुपचूप नोंदणी लग्न करतात आणि पुढची निवडणूक आपापल्या पक्षाकडून लढवून पुन्हा निवडून येतात. शेवटी नायकाच्या पाणीवाटपाच्या विधेयकावर मतदान होतं. नायिका पक्षाविरुद्ध जाऊन त्याच्या बाजूनं मत देते, दुसऱ्या दिवशी राजीनामा देते आणि शेवटच्या पानावर ती त्याच्या सभेत त्याच्या शेजारी उभी असते.

लेखनगटातल्या मैत्रिणी म्हणाल्या, लोकांना राजकारणाचा वीट आलाय, प्रेमकथेत तरी ते नको. म्हणून तिनं पक्षांची विचारसरणी, विधेयकातला मजकूर, जात, पैसा हे सगळं काढून टाकलं. आता कादंबरी गुळगुळीत वाटते. एकीनं विचारलं, राजीनामा तिनंच का द्यायचा? त्याचं उत्तर तिला सापडलेलं नाही. पहिल्या खर्ड्यात नायिका मंत्र्याच्याच कार्यालयात प्रसिद्धीचं काम बघायची. तिकडे परत जावं का, असाही विचार आहे. शिवाय वडील बरीच वर्षं एका पक्षाचे कार्यकर्ते आहेत. ‘लोक पात्रं ओळखतील, घरावर येईल,’ असं ते म्हणतात. तिचा प्रश्न: राजकारण किती ठेवू, शेवट कसा करू, आणि मुळात हे लिहू की नको?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

लिहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचं नीट बोलता येईल.

मराठीत राजकीय कादंबरी दमदार आहे आणि प्रेमकथा तर भरपूर आहेत. पण राजकारण हेच ज्यांचं रोजचं काम, अशा दोन माणसांचं प्रेम मध्यभागी ठेवून ते सुखाच्या शेवटापर्यंत नेणारी गोष्ट क्वचितच हाती लागते. राजकीय कादंबरीत प्रेम बहुधा नेत्याची कमजोरी म्हणून येतं, नाहीतर बदनामीचं हत्यार म्हणून. तुम्ही ते दोन जाणत्या, कामात बुडालेल्या माणसांच्या आयुष्यातली गंभीर गोष्ट म्हणून लिहायला बसलात, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच जे खटकलं तेही मोकळेपणानं लिहिते.

आधी तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं घेऊ. लोकांना राजकारणाचा वीट आलाय हे मला अर्धंच खरं वाटतं. वीट आलाय तो रोजच्या आरोप-प्रत्यारोपांचा आणि रातोरात बदलणाऱ्या निष्ठांचा. पण शब्द कुणाला दिला होता, आपल्या माणसाशी प्रामाणिक राहायचं की आपल्यावर विसंबलेल्या लोकांशी, हे प्रश्न कुणाला कंटाळवाणे वाटतात? प्रेमकथा चालते ती याच प्रश्नांवर. तुम्ही नेमके तेच प्रश्न काढून टाकलेत आणि सरकारी गाडी, बंगला, पोलिसांचा ताफा तेवढा ठेवलात. एक करून पाहा. मंत्र्याच्या जागी एखाद्या कंपनीचा मालक आणि आमदाराच्या जागी स्पर्धक कंपनीतली अधिकारी घालून तुमची काही प्रकरणं वाचा. कुठेच काही अडलं नाही, तर राजकारण तुमच्या गोष्टीत अजून आलेलंच नाही.

तुमचं पाणीवाटपाचं विधेयकच घ्या. त्यात काय आहे ते गोषवाऱ्यात कुठेही नाही. पाणी कुणाचं, कुणाला मिळणार, कुणाचं जाणार? आपल्याकडे हा प्रश्न किती जिवंत आहे! जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा वर्षानुवर्षं समोरासमोर उभे राहतात. खोऱ्यातलं पाणी समन्यायी वाटलं जावं म्हणून 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, तरी पाऊस कमी झाला की वाद न्यायालयात जातो. आता तुमचा नायक धरणाच्या वरच्या बाजूचा आणि नायिका खालच्या बाजूची असेल तर? त्याच्या लोकांची उभी पिकं आहेत, तिच्या लोकांच्या गावात टँकर येतोय. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही आणि कुणीही दुष्ट नाही. दोघांना एकमेकांचं म्हणणं कळतं, पटतंसुद्धा. तरीही सकाळी सभागृहात उठून एकमेकांविरुद्ध बोलावं लागतं, आणि नीट, ताकदीनं बोलावं लागतं, कारण मागे गॅलरीत आपल्याच तालुक्यातली माणसं बसली आहेत. असा एक प्रसंग लिहिलात की वाचक जागचा हलणार नाही.

विचारसरणीची भीती वाटत असेल तर पक्षांची नावं काल्पनिक ठेवा, झेंड्यांचे रंगही सांगू नका. पण प्रत्येकाला एक गोष्ट अशी द्या जी तो प्रेमासाठीही सोडणार नाही. तेवढं पुरतं. जातीचंही तसंच आहे. आपल्याकडे तिकीट वाटताना आणि लग्न जुळवताना, दोन्ही वेळी जातीचं गणित मांडलं जातं. तुमच्या गोष्टीत हे दोन्ही आहे, म्हणून ती टाळता येणार नाही. त्यासाठी भाषण नको. नायिकेचा मतदारसंघ राखीव असेल तर कायद्यानं तिची जात लग्नामुळे बदलत नाही, ती जन्मानं ठरते. पण तिच्यासाठी राबलेल्या कार्यकर्त्यांच्या मनात काय येईल? त्यांच्यातल्या एकाचं एकच वाक्य लिहा.

आता कळसाच्या प्रसंगाकडे येते. इथे मला तुम्हाला थोडं जास्त वेळ थांबवायचंय.

नायिका पक्षाविरुद्ध नायकाच्या विधेयकाला मत देते. पहिला प्रश्न असा की, तिच्या मताची गरज कुणाला आहे? सरकारकडे बहुमत असतं आणि बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानंच मंजूर होतात. मतविभागणी मागितली तरी 288 जणांच्या सभागृहात विरोधकांतलं एक मत इकडे आल्यानं निकाल बदलण्याची वेळ क्वचितच येते. म्हणजे तिचा त्याग नायकाच्या काही कामाचाच नाही.

दुसरा प्रश्न पुढे काय होईल याचा. परदेशी कादंबऱ्यांत, विशेषतः अमेरिकी, प्रतिनिधी पक्षाविरुद्ध मत देतो आणि गोष्ट पुढे सरकते, कारण तिथे त्यासाठी जागा जात नाही. आपल्याकडे जाते. 1985 साली 52व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, असताना पूर्वपरवानगीशिवाय विरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, तर आमदारकी जाऊ शकते. मात्र पक्षानं 15 दिवसांच्या आत माफ केलं, तर अपात्रता लागत नाही. हे 15 दिवस प्रेमकथेसाठी केवढे मोलाचे आहेत बघा! पक्षातलं कोण तिच्याकडे येईल, माफीची अट काय घालेल? पक्षानं माफ न करता अपात्रतेची याचिका केली, तर निर्णय विधानसभेचे अध्यक्ष देतात आणि ते बहुधा सत्ताधारी बाजूकडून निवडून आलेले असतात. म्हणजे तुमचा नायक एक शब्द टाकू शकतो. तो टाकेल का? टाकला आणि तिला कळलं तर ती त्याच्याकडे त्याच नजरेनं पाहील का? तुमच्या खर्ड्यात ती दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन हा सगळा ऐवज वाया घालवते.

पण मला विचाराल तर विधेयक बाजूला ठेवा आणि कळस विधान परिषदेच्या निवडणुकीवर न्या. राज्यसभेच्या निवडणुकीत 2003 पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. आमदारांनी विधान परिषदेवर सदस्य निवडायचे असतात तेव्हा मात्र मतदान गुप्त असतं. पसंतीक्रमाची मतं, कोट्याचं गणित, एकेका मतासाठी धावपळ, आमदारांना हॉटेलात एकत्र ठेवणं, हे सगळं आपण बातम्यांत पाहत आलोय. निकाल लागतो, नायिकेच्या पक्षाचं एक मत फुटलेलं असतं आणि नायकाच्या पक्षाचा उमेदवार निसटता निवडून येतो. तोवर दोघांबद्दल कुजबुज सुरू झालेलीच आहे. पक्षकार्यालयातल्या सगळ्या नजरा तिच्याकडे वळतात. तिनं मत फोडलेलं नाही. पण मतपत्रिका गुप्त आहे, त्यामुळे ती निर्दोष असल्याचं सिद्ध करूच शकत नाही.

आणि नायक? त्यालाही ठाऊक नाही. ‘तूच का?’ असं विचारलं तर त्याचा तिच्यावर विश्वास नाही असं होतं. न विचारता मनातल्या मनात सुखावला, माझ्यासाठी केलं असेल असं धरून चालला, तर त्यानं तिला ओळखलेलंच नाही. ती सकाळपर्यंत वाट बघते, हा काय म्हणतो याची. इथे तुमच्या कथेतलं राजकारण आणि प्रेम एकमेकांपासून सोडवता येत नाही. अशा जागा शोधा. कादंबरीला दोन-तीन पुरतात.

अशीच एक जागा शपथविधीत आहे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतो. हे शब्द आपण दूरचित्रवाणीवर इतक्यांदा ऐकलेत की त्यांचा अर्थ कानावरून जातो. मंत्री म्हणून जे समजेल ते कर्तव्याचा भाग असल्याशिवाय कुणालाही, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, सांगणार नाही, असं वचन तो देतो. त्या ‘कुणालाही’त ती येते. तिच्या मतदारसंघातला एखादा प्रकल्प रद्द होणार हे त्याला मंत्रिमंडळाच्या बैठकीत कळलंय, रात्री तिचा फोन येतो, ती त्याच प्रकल्पाबद्दल उत्साहानं बोलतेय. तो काय बोलेल? गप्प राहिला तर उद्या तिला त्याची गप्प राहण्याची कला आठवेल. सांगितलं तर ती विरोधी आमदार आहे, ऐकून गप्प बसणं तिला शक्य आहे का? यावर मी तोडगा देत नाही, तो तुम्हीच शोधायचा आहे. नियम अडवतो तिथे माणसं स्वभाव दाखवतात, आणि रोमान्सच्या वाचकाला स्वभावच वाचायचा असतो.

गुपचूप लग्नाबद्दल थोडक्यात. विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि 30 दिवस थांबावं लागतं. मंत्री आणि आमदाराच्या नावाची नोटीस महिनाभर फलकावर राहील आणि कुणाला कळणार नाही, हे वाचक मानणार नाही. शिवाय तुमची दोघं लग्नानंतर निवडणूक लढवतात. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात जोडीदाराच्या मालमत्तेचा आणि कर्जाचा तपशील द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालानंतर ही माहिती मतदारांसाठी खुली झाली. लग्न लपवलं तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तेव्हा एकतर लग्न उघड करा, नाहीतर प्रतिज्ञापत्र भरण्याचा दिवस हाच पेचाचा दिवस करा. समोर वकील बसलाय, ‘जोडीदाराचं नाव’ असा रकाना आहे आणि तिचा पेन थांबलाय. मला तर हा प्रसंग वाचायला फार आवडेल.

दोघं भेटतात कशी, यातही बदल सुचवते. नायक सुरुवातीपासून मंत्री असेल तर दोघांना एकत्र काम करायची संधीच फारशी नाही. विधिमंडळाच्या समित्यांमध्ये सगळ्या पक्षांचे आमदार एकत्र बसतात, दौऱ्यावर जातात, कागद तपासतात, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात. पक्षांतरबंदीची तरतूद सभागृहातल्या मतदानाला आहे, समितीतल्या चर्चेला नाही. तिथे माणसं जरा मोकळी बोलतात. नायकालाही पहिल्यांदा निवडून आलेला साधा आमदार करा, दोघांना सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीत बसवा. एकमेकांच्या हुशारीवर ती तिथे भाळू देत. मग मंत्रिमंडळाचा विस्तार होतो आणि तो मंत्री होतो. मंत्री त्या समितीचा सदस्य राहत नाही, म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी होते. आणि पुढच्या अधिवेशनात तिचा तारांकित, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न नेमका त्याच्या खात्याला लागतो.

आता राजीनामा.

रोमान्सला सुखाचा शेवट लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं या प्रकाराची व्याख्या करताना दोनच गोष्टी मागितल्यात: मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशावादी हवा. तुम्ही या मागणीचा अर्थ ‘अडथळा दूर झाला पाहिजे’ असा लावलात. अडथळा म्हणजे तिचं राजकारण, म्हणून ते दूर झालं. पण वाचकाला समाधान मिळतं ते दोघं मिळून काहीतरी अवघड निभावतात तेव्हा. इथे एकानंच निभावलं आणि दुसरा मंचावर उभा राहिला. तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही, कारण कथेतच ते नाही. नायिकेनं राजीनामा देण्यामागे ‘तिचं त्याच्यावर प्रेम आहे’ यापलीकडे काही कारण तुम्ही तिला दिलेलं नाही.

ती आमदार झाली कशी, याचा विचार करा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या वाटेनं आलेली एखादी जिल्हा परिषद सदस्य, जिच्याबद्दल सुरुवातीला सगळे ‘नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या नावावर आली’ म्हणत होते, ती हळूहळू स्वतःची बैठक घ्यायला शिकते, अधिकाऱ्याला उभं करून विचारायला शिकते, तिकिटासाठी भांडते, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळेपर्यंत जागते. तिनं कमावलेली जागा तिच्या एकटीची राहिलेली नसते. तिनं राजीनामा दिला तर साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक लागते. ज्या बायकांनी घरच्यांचा विरोध पत्करून तिच्यासाठी दारोदार प्रचार केला, त्यांना ती काय सांगेल? मी प्रेमात पडले? तुम्ही तिला हे वाक्य त्यांच्यासमोर बोलायला लावून पाहा. तिला ते बोलवत नसेल, तर राजीनामा तिचा नाही, तुमचा आहे.

प्रत्यक्षातली जोडपी आपल्यापेक्षा धीट होती. आचार्य कृपलानी आणि सुचेता कृपलानी यांनी 1936 साली लग्न केलं, तेही गांधीजींचा सुरुवातीचा विरोध असताना. पुढे दोघांच्या राजकीय वाटा वेगळ्या झाल्या. 1963 च्या ऑगस्टमध्ये आचार्यांनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुचेताबाई काँग्रेसच्याच उत्तर प्रदेशात मुख्यमंत्री झाल्या, देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. लग्न टिकलं. असा शेवट कादंबरीत लिहिला असता तर ‘हे जरा जास्तच होतंय’ असं आपण म्हटलं असतं.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही लिहायला हवं. केरळच्या के. आर. गौरी अम्मा आणि टी. व्ही. थॉमस 1957 च्या नंबूद्रिपाद मंत्रिमंडळात दोघेही मंत्री होते आणि त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं. 1964 साली कम्युनिस्ट पक्ष फुटला. त्या मार्क्सवादी पक्षात गेल्या, ते मूळ पक्षात राहिले. 1967 च्या सरकारात दोघं पुन्हा मंत्री झाले, पण वेगवेगळ्या पक्षांकडून, आणि संसार मात्र तुटला. ही गोष्ट वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, पण त्या दोघांपैकी कुणाबद्दलही आदर कमी होत नाही. पक्ष ही त्यांच्यासाठी नोकरी नव्हती. तुमच्या वाचकाला तुमच्या जोडप्याबद्दल शेवटपर्यंत ही धास्ती वाटली पाहिजे की यांचंही असं होऊ शकतं. मगच सुखाचा शेवट सुखाचा वाटेल.

आणि दोघं एकाच बाजूला असली म्हणजे गोष्ट सपाट होते असंही नाही. आणीबाणीत समाजवादी नेते मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. दोघांचा संसार तेव्हा पत्रांवर चालला होता. दोन तुरुंगांमधून एकमेकांना लिहिणाऱ्या नवरा-बायकोपेक्षा मोठी रोमँटिक परिस्थिती मला तरी सुचत नाही.

मग तुमचा शेवट काय असावा? दोघंही आमदार राहू शकतात. वेगवेगळ्या पक्षांत राहून लग्न करायला कोणताही कायदा आड येत नाही, हे तुम्ही विसरलात असं मला वाटलं. दोघं उघडपणे सांगतात, पत्रकार परिषदेत खोचक प्रश्न येतात, दोघांच्या पक्षात धुसफूस होते, आणि मग रोजचं आयुष्य सुरू होतं, ज्यात काही विषय घरात काढायचे नाहीत असं ठरलेलं असतं. किंवा तो मंत्रिपद सोडतो, आमदारकी ठेवतो, कारण शपथ आणि संसार दोन्ही एकदम निभावत नाही हे त्याला स्वतःला कळतं. त्यानं सोडावं असा माझा आग्रह नाही. त्याग स्त्रीकडून उचलून पुरुषाच्या गळ्यात घातला म्हणजे न्याय झाला, असं होत नाही. पण सोडण्याचा विचार दोघांच्याही मनात येऊन गेला पाहिजे आणि दोघांनी तो एकमेकांशी बोलला पाहिजे. तुमच्या खर्ड्यात ते संभाषणच नाही. ते लिहा, मग शेवट आपोआप बदलतो की नाही बघा. आणि इतकं सगळं लिहूनही तिनं राजीनामाच द्यायचा ठरवला, तिच्या स्वतःच्या कारणानं, तर देऊ दे.

पहिल्या खर्ड्याकडे, म्हणजे मंत्री आणि त्याच्या कार्यालयातली कर्मचारी या जोडीकडे, परत जाऊ नका असं मी म्हणेन. ही जोडी रोमान्समध्ये फार लोकप्रिय आहे, हे खरं. पण 2018 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी मंत्र्यांना आपल्या कर्मचाऱ्यांशी लैंगिक संबंध ठेवायला आचारसंहितेतच मनाई केली आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानंही सदस्यांसाठी तसाच नियम केला. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 पासून आहे. हे नियम प्रेमाविरुद्ध केलेले नाहीत. ज्याच्या हातात तिची नोकरी आहे त्याला ती ‘नाही’ कशी म्हणणार, हा त्यांच्यामागचा प्रश्न आहे. तीच जोडी लिहायची असेल तर तिनं आधी नोकरी सोडलेली असावी, दुसरं काम मिळवलेलं असावं, आणि पुढचं पाऊल तिनं उचललेलं असावं. तुमची आमदार नायिका याहून कितीतरी जास्त ताकदीची आहे. तिलाच धरून राहा.

राहिले तुमचे वडील. त्यांची काळजी खोटी नाही. गावात वावरायचं त्यांना आहे. ‘सर्व पात्रं काल्पनिक आहेत’ ही ओळ छापली म्हणून जबाबदारी आपोआप संपत नाही. वाचणाऱ्यांना एखादं पात्र म्हणजे अमुकच माणूस असं ओळखू आलं आणि त्याच्याबद्दल बदनामीकारक लिहिलेलं असलं, तर तक्रार होऊ शकते. म्हणून पात्र एखाद्या माणसावरून बेतू नका, पदावरून बेता. मतदारसंघ काल्पनिक ठेवा, जिल्हा खरा चालेल. अलीकडचं गाजलेलं प्रकरण, कुणाची बोलण्याची लकब, कुणाच्या घरातली भांडणं, यातलं काही उचलू नका. छापायला देण्यापूर्वी एकदा वकिलाला वाचायला द्या.

पण वडिलांना फक्त परवानगीसाठी भेटू नका. तिकीट नाकारलं गेल्याच्या रात्री कार्यकर्ते काय बोलतात, माघार घ्यायच्या शेवटच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर काय चाललेलं असतं, प्रचार संपल्यावरचे 48 तास उमेदवार काय करतो, मतमोजणीच्या टेबलावर दोन विरोधी प्रतिनिधी शेजारी बसून दिवसभर काय बोलतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. हे विचारा आणि लिहून घ्या. आपल्याकडून काहीतरी उघडं होईल ही त्यांची भीती आहे. तुम्ही विचारता काय, हे त्यांना दिसलं की ती बरीच कमी होईल असं मला वाटतं.

तुमच्यासारखं लिहू पाहणाऱ्या इतरांसाठीही एक सुचवते. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. शिक्षण, कर्ज, जमीन, दागिने, गुन्हे, जोडीदाराचं उत्पन्न, असं माणसाचं अख्खं आयुष्य त्या तक्त्यांत असतं. तुमच्या नायक-नायिकेचं प्रत्येकी एक प्रतिज्ञापत्र भरा, खोटं काही न लिहिता. कुणाच्या नावावर किती आहे आणि कुणाचं घर कर्जात आहे हे कळलं की दोघं एकमेकांशी कसं बोलतात तेही कळायला लागतं. विधिमंडळाचं एखादं दिवसाचं कामकाज थेट प्रक्षेपणात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, गाजलेल्या भाषणाचा तुकडा नको. लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, तालिका अध्यक्ष, सभात्याग, हे शब्द कानात बसले की संवाद गुळगुळीत राहत नाहीत.

खर्डा फेकू नका. नागपूरच्या थंडीतली प्रकरणं तशीच ठेवा, गोषवाऱ्यावरून ती चांगली उतरलीत असं दिसतं. विधान परिषदेच्या निकालानंतरची ती एक रात्र आधी लिहून काढा, एकदा तिच्या बाजूनं आणि एकदा त्याच्या. दोन्ही लिहून झाल्यावर कुणाची बाजू तुम्हाला जास्त अवघड गेली ते बघा आणि कादंबरीत ती ठेवा.